कुक्कूचे साक्षीदार

देवीच्या लसीला इंग्लंडात जवळजवळ शंभर वर्षे विरोध होत राहिला. विरोधकांच्या भात्यात धर्म होता, मृत्यूचे आकडे होते, सरकारी सक्तीबद्दलचा राग होता. आणि एका पक्ष्याचे पिल्लूही होते. साथीच्या रोगांचा इतिहास लिहून पुढे नाव कमावलेल्या डॉ. चार्ल्स क्रायटनने १८८९ साली लसीचा जनक एडवर्ड जेन्नर याच्यावर पुस्तक लिहिले. त्यात लसीबरोबरच जेन्नरच्या एका जुन्या निबंधाचीही त्याने चिरफाड केली. निबंध होता कुक्कू पक्ष्याबद्दलचा. क्रायटनचे म्हणणे थोडक्यात असे : एका दिवसाचे, डोळेही न उघडलेले, अंगावर पीस नसलेले पिल्लू घरट्यातली इतर पिल्ले पाठीवर घेऊन बाहेर फेकते, अशा भाकडकथा ज्याने रॉयल सोसायटीच्या गळी उतरवल्या, त्याच्या लसीवर शहाण्या माणसाने विश्वास का ठेवावा?

युक्तिवाद बिनतोड होता. अडचण एवढीच, की ते पिल्लू खरोखरच तसे करते.

युरोपातला कुक्कू आपल्या कोकिळेचा भाऊबंद. राखाडी पाठ, पोटावर आडवे पट्टे, लांब शेपूट. उडताना पाहिला तर शिकराच वाटावा. एप्रिलात तो आफ्रिकेहून इंग्लंडला पोचतो आणि नराच्या दोन सुरी हाकेवरून लोक वसंत आल्याचे ओळखतात. त्याच्या गणात सुमारे दीडशे जाती आहेत. त्यांतल्या साठेक जाती स्वतः घरटे बांधतच नाहीत, दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालून मोकळ्या होतात. उरलेल्या बहुसंख्य जाती मात्र चारचौघांसारखा संसार करतात. आपला भारद्वाज त्यांतलाच. काट्याकुट्यांत घरटे करून नर-मादी दोघे मिळून पिल्ले वाढवतात. बदनामी सगळ्या कुळाची झाली ती साठांमुळे.

कुक्कू दुसऱ्याच्या घरट्यात वाढतो हे कोणालाच नवे नव्हते. ॲरिस्टॉटलने ते लिहून ठेवले आहे. कुक्कू म्हणजे रूप बदललेला ससाणाच, ही त्या वेळची समजूतही त्याने चोच आणि नख्यांचा दाखला देऊन खोडली. आपल्याकडे कालिदासाच्या दुष्यंताने भर दरबारात कोकिळेचे उदाहरण दिले ते शकुंतलेला, किंबहुना अवघ्या स्त्रीजातीला, लबाड ठरवण्यासाठी. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला विदूषक हाच पक्षी वापरतो तो कृतघ्न मुलींबद्दल बोलण्यासाठी. म्हणजे पक्ष्याचा उपयोग सगळ्यांनी केला. पण घरमालकिणीच्या स्वतःच्या पिल्लांचे पुढे काय होते, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नव्हते. ॲरिस्टॉटलने यावरच्या ऐकीव गोष्टी एकापुढे एक मांडल्या आहेत : कोणी म्हणे आई-बापच पाहुण्याच्या मोहात आपली पिल्ले मारतात, कोणी म्हणे थोराड पाहुणा सगळे खाऊन टाकतो आणि बाकीची उपाशी मरतात. पुढची दोन हजार वर्षे या यादीतून ज्याने त्याने आपल्याला आवडेल ते उत्तर उचलले.

अठराव्या शतकात प्रश्न जरा वैज्ञानिक झाला, पण घरट्यापाशी बसायला अजून कोणी तयार नव्हते. एरिसाँ नावाच्या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने १७५२ साली कुक्कू फाडून पाहिला आणि निदान केले, की याचे जठर पोटाच्या पुढच्या बाजूला असल्याने त्याला अंड्यांवर बसणेच जमत नसावे. बिचाऱ्या कुक्कूला प्रथमच कोणीतरी वैद्यकीय प्रमाणपत्र दिले. सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने रातव्याच्या जातीचा एक पक्षी फाडला. त्याचे जठर तसेच पुढे होते आणि तो तर मजेत अंडी उबवतो. प्रमाणपत्र बाद झाले. व्हाइट पक्षी बघण्यात पटाईत माणूस, पण कुक्कूचे वर्तन म्हणजे मातृप्रेमाचा भयंकर अपमान आहे, याच्या पुढे त्याची लेखणीही सरकली नाही.

जेन्नरचा जन्म १७४९ साली ग्लॉस्टरशायरमधल्या बर्कली गावी झाला. लंडनला तो जॉन हंटर या नामांकित शल्यविशारदाच्या हाताखाली शिकला. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीतून आलेले नमुने लावण्याचे काम त्याला मिळाले, दुसऱ्या सफरीवर जाण्याबद्दल विचारणाही झाली; पण तो गावी परतला आणि घोड्यावरून हिंडत रोगी तपासू लागला. हंटरने मात्र या शिष्याचा पिच्छा सोडला नाही. पत्रामागून पत्रे यायची : साळिंदरासारखे काटे असणाऱ्या छोट्या हेजहॉगचे हिवाळ्यात तापमान घेऊन पाठव, अमुक प्राणी पाठव, कुक्कूची पिल्ले पाठव. जेन्नरने एकदा काही तर्क कळवला तेव्हा हंटरने उलट लिहिले, की नुसता विचार कशाला करतोस, प्रयोग करून बघ की. वैद्यकाच्या इतिहासात हे पत्र फार मिरवले जाते. ते हेजहॉगबद्दल होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

कुक्कूच्या बाबतीत जेन्नरने आधी हा उपदेश अर्धाच पाळला. घरट्यांवर नजर ठेवण्याचे बरेच काम त्याचा पुतण्या हेन्री करत असे. त्यावरून लिहिलेला निबंध १७८७ च्या मार्चमध्ये रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला. त्यातला निष्कर्ष जुनाच होता : पालक पक्षीच आपली पिल्ले बाहेर टाकतात. निबंध छापायच्या बेतात असताना जेन्नरने सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना कळवले, की तो परत द्यावा, मला वेगळेच काही दिसले आहे.

काय दिसले, ते तारखेनिशी नोंदलेले आहे. कुंपणाच्या झुडपांत घरटे करणारा, इंग्लंडमध्ये हेज स्पॅरो म्हणून ओळखला जाणारा चिमणीएवढा पक्षी आहे. त्याच्या एका घरट्यात आदल्या दिवशी कुक्कूचे एक आणि घरच्यांची तीन अंडी होती. १९ जून १७८७ ला जेन्नरने पाहिले तर कुक्कूचे पिल्लू बाहेर आले होते आणि घरचेही एकच पिल्लू आत उरले होते. घरटे झुडपाच्या कडेला असल्याने आतले स्पष्ट दिसत होते. नुकतेच जन्मलेले कुक्कूचे पिल्लू ढुंगण आणि पंखांच्या आधाराने दुसऱ्या पिल्लाखाली घुसले. पंखांची कोपरे वर उचलून त्याने ओझे पाठीवर तोलले. मग उलटे सरकत, घरट्याची भिंत चढत ते काठापर्यंत आले, क्षणभर थांबले आणि एका हिसक्यात त्याने ओझे बाहेर भिरकावले. तेवढ्यावर न थांबता पंखांच्या टोकांनी चाचपून काम नीट झाल्याची खात्री करून घेतली आणि मग ते घरट्यात घसरले.

जेन्नरने आत एक अंडे ठेवले. तेही गेले. त्याने हा प्रयोग वेगवेगळ्या घरट्यांत पुनःपुन्हा केला. पिल्लाच्या हातून ओझे निसटले तर ते दम खाते आणि परत कामाला लागते. त्याची पाठ त्याने निरखून पाहिली. इतर पिल्लांची पाठ गोलसर असते. या पिल्लाची रुंद आणि मधोमध खोलगट, जणू अंडे किंवा पिल्लू बसावे म्हणूनच केलेली. बारा दिवसांचे होईपर्यंत हा खळगा भरून येतो आणि ढकलण्याची खुमखुमीही त्याच सुमारास संपते. याच महिन्याच्या अखेरीस त्याला एकाच घरट्यात कुक्कूची दोन पिल्ले सापडली. दोघांची झुंज दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत चालली. कधी हा त्याला काठापर्यंत नेई, कधी तो याला. वजनाखाली दबून दोघेही परत खाली येत. शेवटी थोराड पिल्लाने दुसऱ्याला बाहेर काढले आणि घरच्या उरल्यासुरल्या पिल्लाचीही वाट लावली.

सुधारलेला निबंध १३ मार्च १७८८ ला वाचला गेला आणि सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. पुढच्या वर्षी जेन्नर रॉयल सोसायटीचा फेलो झाला. हा मान त्याला लसीसाठी मिळाला असे बरेच जण गृहीत धरतात. लस तेव्हा अजून सात वर्षे दूर होती. उलट १७९७ मध्ये गायीच्या देवीवरचा निबंध त्याने पाठवला तेव्हा याच सोसायटीने तो साभार परत केला आणि त्याला तो स्वखर्चाने छापावा लागला. विद्वानांनी कुक्कू स्वीकारला, लस नाकारली. जगाने उलट केले. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला बगदाद-बसरामार्गे आलेल्या द्रवाने देवी टोचली गेली. हिंदुस्थानातले हे पहिले यशस्वी लसीकरण. तिच्या दंडावरच्या फोडातून घेतलेली लस पुण्याला, सुरतेला, हैदराबादला गेली. इकडे जेन्नरचे नाव पेशवाईच्या राजधानीत पोचले होते आणि तिकडे त्याच्याच देशातले पक्षीप्रेमी त्याला कुक्कूवरून खोटा पाडत होते.

जॉर्ज माँटेग्यूसारख्या एखाद्याने स्वतः पिल्लू पाळून खात्री करून घेतली, नाही असे नाही. पण नाकारणाऱ्यांचा आवाज मोठा होता. यॉर्कशायरचा चार्ल्स वॉटर्टन हा त्यांतला बडा असामी. दक्षिण अमेरिकेत मगरीच्या जातीच्या केमनवर मांड ठोकून बसल्याचे सांगणारा हा गृहस्थ. त्याला लोकांनी ते खरे मानावे असे वाटे, पण जेन्नरचे पिल्लू मात्र अशक्य कोटीतले. एका दिवसाच्या पिल्लाला स्वतःची मान सावरत नाही, ते दुसऱ्याला काय उचलणार! आरामखुर्चीत बसून पाहिले तर मुद्दा अगदी रास्त वाटतो. इंग्लंडमधल्या पक्ष्यांचे देखणे चित्रखंड काढणारा जॉन गूल्डही पालकांवरच संशय ठेवून होता.

गूल्डचे मत फिरवले ते जेमायमा ब्लॅकबर्न यांनी. या कथेतल्या सगळ्या साक्षीदारांत माझा सर्वाधिक भरवसा या बाईंवर आहे, कारण त्यांना काही सिद्ध करायचे नव्हते. त्या स्कॉटलंडमधल्या चित्रकार. पक्षी समोर ठेवून काढायच्या. तिरचिमणीच्या एका घरट्यात त्यांना कुक्कूचे पिल्लू दिसले : उघडे, आंधळे, मान लुळी पडलेली. तिरचिमणीची पिल्ले त्याच्याहून मोठी, पिसे फुटलेली, डोळे उघडलेली, आणि ती घरट्याबाहेर उतारावर पडलेली. बाईंनी एक पिल्लू उचलून आत ठेवले. कुक्कू धडपडत त्याच्या खाली गेला, पाठीवर घेऊन उलटा चढला आणि ते त्याने बाहेर टाकले. परत ठेवले, परत टाकले. बाईंनी तिथल्या तिथे चित्र काढले. ते १८७१ साली त्यांनी मुलांसाठी केलेल्या तिरचिमण्यांच्या पुस्तकात छापले आणि १८७२ मध्ये ‘नेचर’मध्ये पत्र लिहून सगळी हकीकत सांगितली. गूल्डने आपले म्हणणे मागे घेतले. डार्विनने त्याच वर्षीच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’च्या सहाव्या आवृत्तीत आंधळ्या पिल्लाची ही हकीकत घातली, तिथे उल्लेख आहे तो गूल्डला विश्वसनीय माहिती मिळाल्याचा, बाईंचा नाही.

म्हणजे १८८९ मध्ये क्रायटन जेन्नरला खोटारडा ठरवत होता तेव्हा पुरावा सतरा वर्षे छापील स्वरूपात पडून होता. त्याला जेन्नरच पाडायचा होता. पक्षी हे निमित्त.

पहिला प्रश्न असा सुटला. दुसरा तितकाच जुना होता : अंडे घरट्यात येते कसे? पक्षी तिथे बसून घालतो, की जमिनीवर घालून चोचीतून आणून ठेवतो? चोचीवाल्यांची बाजू भक्कम होती. घरट्याचे तोंड कधीकधी एवढे लहान असते, की कुक्कू आत मावणारच नाही. शिवाय चोचीत अंडे धरून उडणारी मादी अनेकांनी डोळ्यांनी पाहिली होती.

याचा निकाल लावणारा एडगर चान्स शास्त्रज्ञ नव्हता. काचेच्या धंद्यातल्या मातब्बर घराण्यातला हा माणूस; छंद पक्ष्यांची अंडी गोळा करण्याचा. त्या काळी हा छंद इंग्लंडात तिकिटे जमवण्याइतका सर्रास होता आणि चान्स त्यातला हावरट होता. एका कुक्कूने एका मोसमात घातलेली जास्तीत जास्त अंडी आपल्या पेटीत असावीत, या विक्रमाच्या मागे तो लागला होता. त्यासाठी त्याने वूस्टरशायरमधले पाउंड ग्रीन कॉमन हे माळरान निवडले आणि १९१८ पासून पाच उन्हाळे तिथे ठाण मांडले. हाताखाली माणसे ठेवली. माळावरच्या तिरचिमण्यांची घरटी शोधून त्यांचा हिशेब ठेवला.

एक मादी जन्मभर एकाच नमुन्याची अंडी घालते, त्यामुळे अंड्यांवरून मादी ओळखता येते. चान्सने एकीला ‘कुक्कू ए’ म्हटले. त्याच्या लक्षात आले, की ती तिरचिमणीखेरीज दुसऱ्या कोणाकडे क्वचितच जाते. एक दिवसाआड अंडे घालते. आणि घालते ती दुपारी, उन्हे कलल्यावर. एवढे कळल्यावर त्याने डाव उलटवला. घरट्यांतली अंडी काढून घेऊन तिरचिमण्यांना नव्याने घरटी बांधायला लावायचे, म्हणजे कुक्कूला योग्य अवस्थेतले घरटे कधी आणि कुठे मिळेल हे आपणच ठरवायचे. मग ठरलेल्या दुपारी ठरलेल्या घरट्याजवळ पानांच्या आडोशात लपून बसायचे. अमुक दिवशी अमुक घरट्यात ती येईल, असे तो पैज लावल्यासारखे सांगू लागला आणि ती येऊ लागली.

ती आधी दूरच्या झाडावर तासन्‌तास निश्चल बसून असते. मग पंख न हलवता तरंगत उतरते, घरट्यातले एक अंडे चोचीत उचलते, घरट्यावर दबते, स्वतःचे अंडे घालते आणि उडून जाते. सगळे मिळून दहाएक सेकंदांत. तिरचिमण्या अंगावर धावून येत असतात, तिला त्याचे काही नाही. चोचीत दिसणारे अंडे म्हणजे जाताना पळवलेले घरमालकिणीचे अंडे. पाहणाऱ्यांनी बरोबर पाहिले होते, फक्त चित्राचा शेवट त्यांनी सुरुवात समजून वाचला होता.

चान्सने ऑलिव्हर पाइक या छायाचित्रकाराला आणून या प्रकाराचे चित्रण केले. ‘द कुकूज सीक्रेट’ हा मूकपट आणि त्याच नावाचे १९२२ चे पुस्तक, दोन्ही गाजले. त्याच वर्षी कुक्कू ए ने पंचवीस अंडी घातली. चान्सचा विक्रम झाला. काही जुने जाणकार चित्रपट पाहूनही चोचीवरच अडून बसले. १९२६ मध्ये क्रॉसबिल या पक्ष्याची अंडी बेकायदा मिळवल्याबद्दल चान्सला दंड झाला आणि ब्रिटिश पक्षीतज्ज्ञांच्या संघटनेने त्याला काढून टाकले. शिक्षा योग्यच होती. पण तिरचिमण्यांची घरटी त्याने त्या पद्धतीने लुटली नसती, तर हे गुपित आणखी किती वर्षे टिकले असते सांगता येत नाही. हे मला अडचणीचे वाटते आणि ते तसेच सोडून देण्यापलीकडे इलाज नाही.

इकडे हिंदुस्थानात हेच प्रश्न विचारणारी साहेबमंडळी होतीच. साताऱ्यात जन्मलेला एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या १८८३ मधल्या संस्थापकांपैकी एक. त्याने मुंबईच्या पक्ष्यांवर खुसखुशीत पुस्तक लिहिले. सोसायटीच्या नियतकालिकात १९०७ मध्ये डग्लस ड्यूअर या सनदी अधिकाऱ्याचा कोकिळेवरचा लेख आला. लाहोरात त्याने कावळ्यांच्या घरट्यांत परकी अंडी ठेवून पाहिली होती. निष्कर्ष असा, की एरवी इतका बेरकी कावळा अंड्यांच्या बाबतीत अगदीच भोळा. कोकिळेचे अंडे कावळ्याच्या अंड्याहून लहान, पण रंगाने तसेच हिरवट. हाच ड्यूअर पुढे लंडनला जाऊन उत्क्रांतिवादाच्या विरोधात संघटना काढणाऱ्यांत सामील झाला. ज्या पक्ष्याने डार्विनला पुरावा दिला, त्याचा भाऊबंद आयुष्यात इतक्या जवळून पाहूनही!

दुसरा एडवर्ड स्टुअर्ट बेकर, आसामचा पोलीस अधिकारी. सिलचरला बिबट्याने त्याचा डावा हात नेला, गव्याने त्याला उडवले, गेंड्याने तुडवले; तरीही त्याने पन्नास हजारांच्या घरात अंडी जमवली. ईशान्येकडच्या डोंगरांत कुक्कूच्या अनेक जाती आणि त्यांची अंडी वाढवणाऱ्या कितीतरी जाती. अंड्यांच्या जोड्या शेजारी ठेवून बेकर म्हणाला, की न जुळणारे अंडे घरमालक टाकून देतात किंवा घरटे सोडतात, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या जुळणारी अंडीच शिल्लक राहतात. त्याच्या काही नोंदींवर पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या, पण मूळ मुद्दा टिकला.

तो टिकल्याचे प्रयोगाने दाखवले केंब्रिजच्या निक डेव्हिस आणि मायकेल ब्रुक यांनी. १९८५ पासून विकन फेन या पाणथळ जागी त्यांनी बोरूच्या बेटात राहणाऱ्या वटवट्यांच्या घरट्यांत रंगवलेली खोटी अंडी ठेवली. रंग जुळला तर वटवट्या उबवत, नाही तर फेकत. अंडे सकाळी ठेवले तर जास्त वेळा पकडले जाई, दुपारी कमी. घरट्यापाशी पेंढा भरलेला कुक्कू दिसला तर संशय आणखी वाढे. चान्सच्या मादीची दुपारची वेळ, दहा सेकंदांची घाई, दूरवर बसून राहणे, सगळ्याचा अर्थ लागला. आणि जेन्नरचा हेज स्पॅरो? त्याची अंडी निळीशार, त्याच्या घरट्यातली कुक्कूची अंडी ठिपक्यांची; तरी तो काहीही उबवतो. पुढे १९९८ मध्ये डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की कुक्कूचे एकटे पिल्लू अख्ख्या घरट्याइतका कलकलाट करून आईबापांना राबवते. सगळी भावंडे संपवल्यावर त्यांचा आवाजही तेच काढते.

एक दिवसाआड अंडे घालण्याचे कारणही अलीकडे उमगले. तयार अंडे मादी आणखी दिवसभर पोटात ठेवते. गर्भाची वाढ तिथेच सुरू होते आणि पिल्लू घरच्यांच्या आधी बाहेर येते. १९ जूनला जेन्नरच्या घरट्यात जी घाई चालली होती, तिची तयारी अशी आधीच झालेली असते.

कुळाची वंशावळही या काळात बदलत गेली. लिनियसने कुक्कूला कावळे, पोपट यांच्या पंगतीत बसवले होते. पुढे पोपटांसारखीच दोन बोटे पुढे आणि दोन मागे असलेल्या पायांवरून वेगळा गण झाला. त्यात आफ्रिकेतले झगमगीत तुराको आले. ॲमेझॉनकाठचा, पिल्लांच्या पंखांना नखे असलेला होॲटझिनही आला. रेणूंच्या अभ्यासाने दोघांनाही बाहेर काढून स्वतंत्र गण दिले. २०१४ मध्ये अठ्ठेचाळीस पक्ष्यांचे संपूर्ण जनुकसंच तपासले गेले तेव्हा कुक्कूच्या शेजारी तुराको परत आले आणि त्यांच्याबरोबर जे आले ते कोणाच्या स्वप्नातही नव्हते : माळढोक आणि त्याचे भाऊबंद. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर एके काळी उघड्यावर एकच अंडे घालून एकटीने ते उबवणारी मादी आणि अंडे टाकून दहा सेकंदांत पसार होणारी मादी, दोघी जुन्या नात्यातल्या.

आता आपल्या कोकिळेबद्दल. जेन्नरची गोष्ट मराठी पुस्तकांत आली ती कुक्कूचे नाव गाळून, आणि कोकिळेचे पिल्लू कावळ्याची पिल्ले ढकलून देते असे आपण बिनदिक्कत लिहू लागलो. कुक्कूच्या पिल्लासारखे घरटे रिकामे करणे हा कोकिळेच्या पिल्लाचा रिवाज नाही. ते कावळ्याच्या पिल्लांआधी दोन-तीन दिवस अंड्यातून बाहेर येते, चाऱ्यासाठी पुढे पुढे करते आणि कावळ्याची एखाद-दोन पिल्ले त्याच्याबरोबर वाढूही शकतात. सातभाईंच्या घरट्यात वाढणाऱ्या चातकाचेही असेच; तिथेही ढकलाढकली नसते. एका जातीचा पुरावा दुसऱ्या जातीवर लावला, की ॲरिस्टॉटलच्या यादीत आपणही एक ऐकीव गोष्ट वाढवतो.

कावळ्यांची घरटी आपल्या शहरांत गच्चीवरून, जिन्याच्या खिडकीतून, शाळेच्या तिसऱ्या मजल्यावरून सहज दिसतात. वैशाख-ज्येष्ठात त्यांच्याभोवती कोकिळेचा काळा नर ओरडत फिरतो, कावळे त्याच्या मागे लागतात आणि ठिपकेदार मादी त्या गडबडीत आपले काम उरकते. असे एखादे घरटे दिसत असेल तर त्याला हात लावू नका, फांदी वाकवू नका. लांबूनच पाहा आणि पिल्ले किती, कोणाची, कुठल्या दिवशी किती उरली, हे तारीख घालून वहीत लिहा.